पावसाच्या आत माळा उघडा



जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत घरातला माळा एकदा उघडा. मागणं एवढंच आहे. पुढचं सगळं पत्र त्या मागण्याचं कारण सांगण्यासाठी.

गेल्या उन्हाळ्यात आईची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा लुगड्यांच्या घड्यांखाली चौदा कॅसेट्स निघाल्या. एकीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘कोजागिरी, दादाकाकांकडे’. शेजारून टेपरेकॉर्डर मागून आणला आणि लावली. आधी कपबशांची किणकिण. मग कोणीतरी म्हणालं, ‘पेटी जरा पुढे घ्या.’ मग एका बाईंचा आवाज. थोडा जाडसर, पण सुरात असा बसलेला की स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली. एक नाट्यपद झालं, एक अभंग झाला. भैरवीला सुरुवात झाली आणि मधूनच क्रिकेटची कॉमेंटरी लागली. ती वरून भरणारा मी. तेव्हा नववीत होतो आणि घरात कोरी कॅसेट नव्हती.

त्या बाई कोण, हे मला माहीत नाही. दादाकाकांना जाऊन पंचवीस वर्षं झाली, आईला दीड. आत्याला फोनवर ऐकवलं. ‘अरे, ही तर आपली…’ म्हणाली आणि थांबली. नाव ओठांवर आलं होतं, बाहेर पडलं नाही. आज त्या गाण्याची चांगली डिजिटल प्रत माझ्या फोनमध्ये आहे. टेकडीवर फिरायला जाताना ऐकतो. फाइलचं नाव आहे ‘अनोळखी १’.

असं तुमच्या घरी होऊ नये, म्हणून हे आवाहन.

जे मिळतं, ते कुठे मिळतं

आधी सोपी गोष्ट. सकाळी फिरताना कानात किंवा संध्याकाळी घरातल्या स्पीकरवर जुनं गाणं हवं असेल, तर पूर्वीसारखी वणवण आता नाही. ज्या कंपनीला आपण एचएमव्ही म्हणून ओळखायचो ती आजची सारेगामा. तिच्याकडची भावगीतं, नाट्यगीतं, अभंग आणि चित्रपटगीतं मोठ्या संख्येने अ‍ॅपवर आहेत. २०१७ मध्ये तिने ‘कारवां’ नावाची रेडिओसारखी दिसणारी पेटी आणली, तिची मराठी आवृत्तीही निघाली. अ‍ॅपच्या नादी न लागणाऱ्या आजीआजोबांना ती बरी. बटण फिरवलं की गाणं. आकाशवाणीची केंद्रं ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपवर ऐकू येतात आणि शास्त्रीय संगीताला वाहिलेली ‘रागम्’ ही चोवीस तासांची वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून चालू आहे.

‘इंटरनेट आर्काइव्ह’ या मोफत संग्रहात ७८ आरपीएमच्या तबकड्यांचं मोठं दालन आहे आणि त्यात आपल्याकडच्या तबकड्याही आहेत. तिथली पुष्कळशी ध्वनिमुद्रणं उतरवून घेता येतात, म्हणजे घाटात रेंज गेली तरी गाणं जात नाही. गीत कोणाचं, चाल कोणाची, हे पाहायला ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ आहे. जात्यावरच्या ओव्या त्या त्या बाईच्या आवाजात ऐकायच्या असतील तर ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात जावं. आणि यूट्यूबवर आपापल्या तबकड्या चढवणारे हौशी संग्राहक आहेत, त्यांचे तर उपकारच.

हे सगळं जरूर वापरा. पण याला एक हद्द आहे. कंपनीने जे विकलं, रेडिओने जे राखलं आणि संग्राहकाच्या हाताला जे लागलं, तेवढंच तिथे आहे. दादाकाकांच्या गच्चीवर त्या रात्री जे गायलं गेलं ते तिथे नाही. कोणी नेऊन ठेवल्याशिवाय ते तिथे पोचणारही नाही.

जे नाही, ते तुमच्याकडे आहे

भारतात तबकडीसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं नोव्हेंबर १९०२ मध्ये, कोलकात्यात. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यंत्र घेऊन आले आणि गौहरजान यांच्यासारख्या गायिकांनी त्यांच्या कर्ण्यासमोर गाणं केलं. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब त्यानंतर त्रेचाळीस वर्षं हयात होते. कोल्हापूर आणि मुंबईच्या लोकांनी त्यांना समोर बसून ऐकलं. १९४६ साली ते गेले तेव्हा त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे नव्हती. १९२२ साली गेलेल्या भास्करबुवा बखल्यांचंही तेच. त्यांचं गाणं कसं होतं, याचा अंदाज आपण शिष्यांच्या गळ्यावरून बांधतो.

आता दुसरं टोक पाहा. खाँसाहेबांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात धाडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज म्हणून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली, तिच्यासाठी ही भैरवी निवडली गेली. पण तबकडी तेव्हा बाजारात मिळत नव्हती. पुष्कळ शोधाशोध झाली. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. दोन्ही यानं उडाली, आणि सप्टेंबरातच केसरबाई वारल्या. आज तो आवाज ग्रहमालेच्या पार पलीकडे पोचला आहे. कोणीतरी ते खोकं रद्दीत काढलं नाही, म्हणून.

तुमच्याकडचं खोकं कसलं असेल?

कदाचित लाखेच्या तबकड्या असतील. एचएमव्ही, ओडियन, कोलंबिया, मुंबईची ‘यंग इंडिया’. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई, ज्योत्स्नाबाई यांच्या गाजलेल्या तबकड्या संग्राहकांकडे आहेत. पण एक-दोन तबकड्या करून विसरले गेलेले गायक, कीर्तनकार, नकलाकार, शाहीर, गोव्याच्या तियात्रातले कांतारं म्हणणारे, यांची कुठली प्रत कुठे शिल्लक आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

कदाचित स्पूल असतील. साठ-सत्तरच्या दशकात चाळीत एखाद्याकडेच स्पूलचा टेपरेकॉर्डर असे आणि गणपतीतली मैफल असली की तो माणूस पहिल्या रांगेत यंत्र मांडून बसे. किंवा रेडिओला यंत्र जोडून कोणी गाण्याचे कार्यक्रम उतरवून घेतलेले असतील. गीतरामायणाचंच घ्या. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर चाललं. छप्पन्न गीतं, त्या त्या पात्रासाठी निरनिराळे गायक. पुढे घराघरांत पोचल्या त्या सगळी गीतं बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, गायलेल्या ध्वनिमुद्रिका, त्यामुळे ते मूळ प्रसारण कित्येकांनी कधी ऐकलेलंच नाही. रेडिओवर एकदाच वाजून गेलेल्या अशा किती कार्यक्रमांची प्रत एखाद्या श्रोत्याच्या कपाटात पडून असेल, त्याची मोजदाद नाही.

आणि बहुतेकांच्या माळ्यावर असतील त्या साध्या कॅसेट्स. त्यांनाच आपण सगळ्यात कमी किंमत देतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धोका त्यांनाच आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. ज्यांना मोठ्या कंपनीच्या दारात कोणी उभं केलं नसतं, त्यांचे आवाज छोट्या छोट्या कंपन्यांनी बाजारात आणले. भीमगीतं, भारुडं, कलगी-तुरा, कोळीगीतं, तमाशातले वग, देवीची गाणी, वारकरी कीर्तनं. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ज्या कॅसेट्स पथारीवर विकल्या गेल्या, त्यांतल्या कित्येकांच्या कंपन्या बंद झाल्या आणि मूळ फिती कुठे गेल्या याचा पत्ता नाही. तबकड्यांना निदान हौशी संग्राहक मिळाले. या कॅसेट्सना तेही मिळाले नाहीत. रिक्षात, एसटीत, टपरीवर झिजून उरलेली तुमच्याकडची प्रत ही कदाचित शेवटची असेल.

एक प्रकार आणखी आहे. आखातात किंवा अमेरिकेत गेलेल्या मुलाला घरच्यांनी पाठवलेली कॅसेटवरची पत्रं. खुशाली सांगून झाल्यावर कोणीतरी म्हणतं, ‘आजी, म्हण ना तुझं ते गाणं.’ आणि आजी म्हणते. ती हळदीची ओवी असेल, पाळणा असेल, पंचमीचं गाणं असेल. परदेशातल्या मराठी घरांना माझं खास सांगणं, हे तुमच्या तळघरात आहे. तुमची मुलं ती कॅसेट कशाची हे ओळखणार नाहीत.

घाई कशासाठी

युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये जगभरातल्या संस्थांना सावध केलं होतं: चुंबकीय फितीवर जे आहे ते साधारण २०२५ पर्यंत उतरवून घ्या, नंतर बरंचसं कायमचं हातचं जाईल. कारण साधं होतं. फीत अजून काही वर्षं तग धरेल, पण ती वाजवणारी यंत्रं बनायची थांबली, सुटे भाग संपत आले आणि दुरुस्त करणारे हात म्हातारे झाले. ती मुदत आता भरली आहे.

आपल्याकडे त्यात हवेची भर. फितीवरची चुंबकीय भुकटी ज्या चिकट लेपाने बसवलेली असते, तो लेप दमट हवेत पाणी धरतो. मग फीत चिकटते, हेडवर तपकिरी कीट सोडते आणि वाजताना किंचाळते. कोकणात, मुंबईत, गोव्यात दर पावसाळ्यात फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढते. कॅसेटच्या आतल्या पत्रीवर फीत दाबून धरणारी फेल्टची गादी असते, तिचा डिंक सुकून ती गळून पडते आणि आवाज बसतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठच्या कॅसेटपेक्षा पातळ, ती आधी ताणली जाते. म्हणजे येणारा प्रत्येक जून-सप्टेंबर थोडं थोडं घेऊन जातो.

गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. तरी दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाचे अवशेष वर येतात आणि जुने गावकरी तिथे जाऊन येतात. फितीवरून गेलेला आवाज कुठल्याच उन्हाळ्यात वर येत नाही.

तिसरी घाई माणसांची. फितीवर कोण गातंय हे ओळखणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. यंत्र एक वेळ जुन्या बाजारात मिळेल. आत्याची आठवण कुठून आणणार?

काय करायचं, काय टाळायचं

एक रविवार ठरवा. माळ्यावरचं, ट्रंकेतलं, दिवाणाखालचं सगळं खाली आणा आणि कोरड्या जागी, सावलीत मांडा. काही वाजवायच्या आधी फोटो काढा. कॅसेटची दोन्ही अंगं, आतला कागद, तबकडीचं लेबल, स्पूलच्या डबीवरचं अक्षर. अक्षर कोणाचं आहे हेसुद्धा पुरावाच असतो.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्या मोडून टाका, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही. मी नववीत असताना कोणी त्या मोडल्या असत्या तर भैरवी वाचली असती. बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि घरच्या यंत्रावर लावू नका, नाहीतर हेडवरून ती इतर कॅसेट्सना लागेल. वाजवताना फीत किंचाळली तर तिथेच थांबा. चिकटलेली फीत ओव्हनमध्ये तापवण्याचे व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करू नका. ते जाणकाराचं काम आहे.

लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका. सुतार फ्रेंच पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे आठवा. मऊ ब्रशने धूळ काढा, फार तर शुद्ध पाण्याने ओलसर केलेलं फडकं लेबल वाचवून फिरवा. तबकड्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हात अजिबात नको. आजोबांचा कर्ण्याचा ग्रामोफोन शोभेला छान, पण त्याची पोलादी सुई आणि जड हात दर फेरीला खाच खरवडतात. एलपीच्या सुईनेही ७८ वाजवू नका. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते आणि एलपीची बारीक सुई तळाशी घासत जाते. ७८ साठी जाड टोकाची वेगळी सुई मिळते, ती असलेल्या माणसाकडे तबकडी न्या.

कॅसेटचं काम मात्र घरी जमण्यासारखं आहे. चालू स्थितीतला एखादा डेक किंवा टू-इन-वन मिळवा. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, नातेवाइकांकडे अजून सापडतो. रबरी पट्टा बदलून घ्या, हेड पुसून घ्या. डेकच्या लाइन-आउटमधून वायर काढून कॉम्प्युटरला जोडा. मधे साधं यूएसबी साउंड कार्ड असलं तर उत्तम. ‘ऑडॅसिटी’ नावाचा मोफत प्रोग्रॅम मराठी घरातल्या कुठल्याही कॉलेजकुमाराला तासाभरात जमतो. वाजवण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे करून घ्या, म्हणजे फीत मोकळी होते.

मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात ठेवा. ध्वनिसंग्रहालयं २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाने उतरवतात. वेव्हमध्ये असा एक तास साधारण दोन जीबी घेतो, म्हणजे एक हजार जीबीच्या डिस्कवर साडेचारशे तासांहून जास्त गाणं मावतं. फोनसाठी, गाडीसाठी त्यावरून एमपी३ काढा आणि घराबाहेर ती मनसोक्त ऐका. मूळ प्रतीतली खरखर काढायच्या फंदात पडू नका. खरखर काढताना गायकाचा श्वासही पुसला जातो, आणि उद्या याहून चांगली साधनं येतील. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

आणि यातलं काहीच जमत नसेल, यंत्र शेवटचे आचके देत असेल, तर फोन स्पीकरसमोर धरा आणि टेप करा. वाईट प्रत असेल, पण असेल.

हक्काची गोष्ट

‘कॉपीराइटचं काय?’ हा प्रश्न योग्य आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं राहतो. त्यामुळे १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकडीच्या मुद्रणावरचा हक्क आता संपलेला आहे. पण गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची पदं मुक्त आहेत. गीतरामायणाचे कवी गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, त्यांचे शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे. घरच्या मैफलीत गाणाऱ्या कलाकाराचाही आपल्या गाण्यावर ५० वर्षं हक्क असतो.

व्यवहारात सांगायचं तर स्वतःच्या कानांसाठी उतरवून घ्यायला कायदा वाजवी मोकळीक देतो, जगासाठी चढवायच्या आधी मात्र विचारा. गाणाऱ्याच्या घरच्यांना फोन करा. आपल्या आजीचा आवाज कोणाकडे तरी आहे हे कळल्यावर बहुतेक घरं आनंदाने हो म्हणतात, आणि एखादं नाही म्हणालं तर ते ऐकायचं. उतरवून ठेवणं आणि जाहीर करणं ही दोन कामं आहेत. पहिलं आज करा. दुसरं सावकाश.

नाव

आता मुख्य मुद्दा. गौहरजान यांच्या त्या सुरुवातीच्या तबकड्या ऐकल्यात तर गाणं संपता संपता त्या इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगतात. याला कारण होतं. मूळ ठसा जर्मनीत हॅनोवरला जायचा, तबकड्या तिथे निघायच्या. तिथल्या कारागिरांना भाषा कळत नसे, म्हणून कोणतं गाणं कोणाचं हे आवाजानेच सांगायचं. पुढे छापील लेबलं आली आणि नाव सांगायची गरज संपली. घरगुती कॅसेटवर मात्र लेबल म्हणजे ‘कोजागिरी, दादाकाकांकडे’.

उलट उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून हे काम उभं केलं, गावोगावच्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि बाईचं नाव, तिचं गाव टिपून ठेवलं. पुढे तो संग्रह ‘पारी’कडे आला. तेव्हा त्यांची माणसं त्या त्या गावी जाऊन गाणाऱ्या बायांना पुन्हा भेटू शकली, त्यांचे फोटो काढू शकली, नव्या ओव्या ऐकू शकली. वहीत नाव आणि गाव होतं म्हणून.

तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि फीत लावा. चहा द्या, घाई करू नका. ‘हा तबला कोणाचा?’, ‘हे घर कुठलं?’, ‘मधे खोकलं ते कोण?’ असे छोटे प्रश्न विचारा. माणसाला वर्ष आठवत नाही, पण ‘धाकटीचं बारसं झालं त्याच्या आदल्या वर्षी’ हे आठवतं. तेच लिहा, वर्ष त्यातून निघतं. खात्री नसेल तर ‘बहुधा’ असं लिहा. चुकीचं ठाम नाव हे निनावीपेक्षा वाईट.

कोणी काय करावं

हे एकट्या घराचं काम नाही, म्हणून काही जणांना नाव घेऊन विनंती.

वाचनालयांनो, महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली तुमच्यासारखी हजारो ग्रंथालयं राज्यभर आहेत. एक दुरुस्त डेक, एक कॉम्प्युटर आणि महिन्यातला एक रविवार, एवढं ठेवा. लोक कॅसेट घेऊन येतील, कॉलेजची मुलं उतरवून देतील. गावाचा ध्वनिसंग्रह म्हणून एक प्रत, मालकाच्या परवानगीने, तुमच्याकडे राहील.

गणेश मंडळांनो, तुमच्या मेळ्यांतून आणि मांडवांतून किती गळे तयार झाले ते तुम्हीच सांगता. मंडळाच्या कपाटातल्या जुन्या फिती या वर्षीच्या वर्गणीतून उतरवून घ्या आणि उत्सवात एक संध्याकाळ त्याच वाजवा. ध्वनिवर्धक भाड्याने देणाऱ्यांनो, तुमच्याकडेही आहेत.

टेप दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनो, दुकान बंद केलं असलं तरी हात विसरलेले नाहीत. एखाद्या पोराला पट्टा बसवायला आणि हेड जुळवायला शिकवा.

भंगार आणि रद्दी घेणाऱ्या भावांनो, तबकड्या आणि लिहिलेल्या कॅसेट्स वेगळ्या काढा. घेणारे आहेत. आणि कॅफे सजवणाऱ्यांनो, तबकडीचं घड्याळ करायच्या आधी ती एकदा कोणाला तरी वाजवून पाहू द्या.

कलाकारांच्या घरच्यांनो, बुवांच्या, बाईंच्या फिती कुलपात सुरक्षित नाहीत. त्या विकाव्यात, वाटाव्यात असं कोणी म्हणत नाही. प्रत काढा, मग हवं तर पुन्हा कुलूप लावा.

मोठा संग्रह असेल तर संस्थांशी बोला. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांची आहे. गुरुग्राममधलं ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ १९८२ पासून हेच काम करतं. मुंबईच्या एनसीपीएकडे ध्वनिसंग्रह आहे. विद्यापीठांचे संगीत विभाग आहेत. आधी यादी द्या, मग डिजिटल प्रत द्या. मूळ फीत देणार असाल तर ती कोण ऐकू शकेल, परत मिळेल का, हे कागदावर लिहून घ्या.

आणि ज्यांच्या घरी काहीच नाही, त्यांनी फक्त शेजारच्या आजोबांना विचारावं, ‘तुमच्याकडे जुन्या कॅसेट्स आहेत का?’ तो प्रश्न त्यांना गेल्या वीस वर्षांत कोणी विचारलेला नसतो.

शेवटचं

वरचं सगळं वाचून दमछाक झाली असेल तर सोडून द्या. एक कॅसेट निवडा. ज्या कॅसेटवर घरातल्या माणसाचं अक्षर आहे, ती. या रविवारी उतरवा. उतरवून झाली की थांबायचं बटण दाबण्याआधी माइक जवळ घ्या आणि गौहरजानबाईंसारखं स्पष्ट आवाजात सांगा: कोण गातंय, साथीला कोण, कुठे, केव्हा, आणि हे उतरवणारे तुम्ही कोण. लेबल निघून पडेल, फाइलचं नाव कोणीतरी बदलेल. गाण्याला चिकटलेला आवाज गाण्याबरोबरच राहील.

मी तसं केलं आहे. दर रविवारी आत्याला ते गाणं लावून देतो. नाव अजून आलेलं नाही. दोन वेळा चुकीचं आलं आणि तिनेच ते खोडलं. त्यामुळे ‘अनोळखी १’च्या शेवटी, जिथे भैरवी तुटते आणि कॉमेंटरी सुरू होते, तिथे मी कॉमेंटरी काढून टाकलेली नाही. तिच्यानंतर माझा आवाज आहे: ‘दादाकाकांचं घर. कोजागिरी. पेटीवर स्वतः दादाकाका. पुढची भैरवी मी पुसली. गाणाऱ्या बाईंचं नाव माहीत नाही. कोणी ओळखलं तर कृपया सांगावं.’

आपला,
एक श्रोता